सरांचं लोखंड

फुटलेल्या त्या ताऱ्याचा स्फोट चहूबाजूंनी सारखा नव्हता, असं सर वर्षानुवर्षं सांगत आले. ताऱ्याच्या पोटातलं लोखंड एका अंगानं आपल्या दिशेला उसळलंय, असं त्यांचं म्हणणं. मागे उरलेल्या तप्त वायूच्या क्ष-किरण वर्णपटात लोखंडाची रेषा असे, पण जुन्या उपकरणांवर ती फराट्यासारखी जाड. लोखंड आपल्याकडे येत असेल तर ती जागची सरकलेली दिसायला हवी; पण सरकलीय की नाही, ठरतच नसे. परिषदांत ‘सरांचं लोखंड’ हा चेष्टेचा विषय झाला होता. सर म्हणत, “हसतील त्यांचे दात दिसतील.”

नव्या उपग्रहाचा वर्णपट आला, तेव्हा त्यांची जुनी विद्यार्थिनी विभाग सांभाळत होती. रेषा सुईसारखी बारीक होती आणि सरकलेली होती. सर म्हणत त्याच बाजूला. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं, आलेख छापला आणि तडक सरांचं घर गाठलं.

दार काकूंनी उघडलं. “आज बरे आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. “सकाळी मला ओळखलं.”

सर खिडकीपाशी बसले होते. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. तिनं आलेख त्यांच्या मांडीवर ठेवला.

“सर, ही लोखंडाची रेषा.”

त्यांचं बोट फिरत फिरत नेमकं शिखरावर थांबलं. “एरर बार कुठे आहेत?”

“आहेत, सर. चूक इतकी कमी की त्या रेघा दिसतही नाहीत.”

“म्हणजे लोखंड आपल्याकडे येतंय.”

“हो. तुम्ही म्हणाला होतात तसंच.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, अदबीनं. “मी नाही हो. दुसराच कुणीतरी होता. लोक फार हसायचे त्याला.” त्यांनी कागद नीट जुळवून परत दिला. “त्याला कळवा, बाई. बरं वाटेल बिचाऱ्याला.”

“कळवते,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“खरंच बरोबर निघालं?”

“अगदी बरोबर, काकू.”

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. “मग मला नीट समजावून सांग. या घरात एकाला तरी कळायला हवं.”

तिनं आलेख टेबलावर पसरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.