सूतभर जागा

रागाचा काचवाल्याला फायदाच होता, हे आधी मान्य केलेलं बरं. सकाळचं वर्तमानपत्र घडी न मोडता त्याच्या हाती यायचं, चहा दुसऱ्यांदा मागावा लागत नसे, आणि तो घरात शिरला की टीव्हीचा आवाज आपोआप खाली यायचा. एवढं मिळवायला त्याला वर्षातून दोन-तीनदा स्वयंपाकघराचं दार आपटावं लागे, इतकंच. त्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती. ती फुटायची. संध्याकाळी तो दुकानातून नवी कापून आणायचा, पट्ट्या ठोकायचा, काच पुसून लख्ख करायचा. त्याच्या मते ही माफीच होती, वर तोंड उघडावं लागत नाही हा जादा लाभ. बायको म्हणायची, आमच्याइतकी नवी काच कुणाच्या घरात नसेल.

या वेळी निमित्त झालं लेकीचं. घरात तिला पिटुकली म्हणत. बापापेक्षा बोटभर उंच झाली तरी नाव तेच. दोन वर्षं ती त्याच्या दुकानात काम करत होती. पुढे दुकान तिनेच चालवायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. तिला सांगायचं मात्र राहून गेलं. चुका काढण्यातच दिवस संपायचा.

काच चौकटीपेक्षा सूतभर कमी कापायची, हा या कामातला पहिला धडा. उन्हाने काच फुगते, तिला हलायला जागा लागते. बेकरीच्या दर्शनी खिडकीची काच पिटुकलीने तंतोतंत चौकटीएवढी कापली. बसली अशी नेटकी की बापही बघून खूश झाला. आठवड्यात कोपऱ्यातून तडा गेला. तिने गुपचूप आतून चिकटपट्टी लावली आणि बेकरीवाल्याला गप्प राहायला विनवलं. आठ दिवस तो राहिला. नवव्या दिवशी सकाळी काचवाल्याला गाठून त्याने सगळं ओकून टाकलं.

काचवाल्याने आधी जाऊन ती काच उतरवली, खिडकीला फळी ठोकली. मग घरी येऊन चार वाक्यं बोलला, त्यातली तीन पिटुकलीच्या अकलेबद्दल, आणि दार आपटलं.

संध्याकाळी नवी काच काखेत धरून तो परतला. एरवी आतलं बोलणं काच अडवायची; आज रिकाम्या चौकटीतून ते सरळ बाहेर येत होतं. पिटुकली आईला सांगत होती, की उद्यापासून ती दुकानात जाणार नाही, दुसरीकडे कुठेही काम बघेल. तडा गेला तेव्हाच का नाही सांगितलंस, असं आईने विचारलं.

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी दार वाजलं असतं. आठ दिवस शांततेत गेले, तेवढेच पदरात पडले."

काचवाला जागच्या जागी थबकला. मग राग पुन्हा वर चढला, सवयीने हात दाराकडे गेला. पण तिथे फुटायला काही शिल्लक नव्हतं. त्याने काच भिंतीला टेकवली आणि तिकीटखिडकीवर वाकल्यासारखं डोकं चौकटीतून आत घातलं.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "अजून आहे. पण सकाळी आधी भीती वाटली. त्या खिडकीला शाळेतली पोरं नाकं लावून उभी असतात. काच त्यांच्या अंगावर आली असती तर?"

पिटुकली चौकटीपाशी आली.

"मग हेच सांगायचं ना, बाबा. रोज सकाळी तिकडून चक्कर मारून मी तीच चिकटपट्टी तपासत होते."

त्यावर त्याने, डोकं तसंच चौकटीत ठेवून, कबूल केलं की आपली पहिली मोठी काचही अशीच तंतोतंत कापली होती आणि महिनाभर मालकापासून लपवली होती. मालक फार तापट होता, असं म्हणाला आणि मध्येच थांबला.

"बोला की पुढे," बायको म्हणाली. "आता कुठे रंगात आलंय."

मग दुकान पिटुकलीनेच चालवावं ही त्याची इच्छाही एकदाची बाहेर पडली. तिने लगेच हो म्हटलं नाही. महिनाभर बघते, म्हणाली. बायकोने नवी काच कपाटामागे सरकवली: महिनाभर दार असंच राहील, राग आला की याच भोकातून काय झालं ते सांगायचं, आवाज चढला तर चालेल, कुणाची अक्कल काढलेली चालणार नाही.

अकराव्या दिवशी तो घसरलाच. दार आपटलं, पण काचेविना त्याचा असा फुसका आवाज झाला की तो स्वतःच थांबला. "बरं, सांगतो," म्हणत माघारी फिरला.

महिना सरल्यावर पिटुकलीने कपाटामागची काच काढून चौकटीला लावून पाहिली आणि हसत सुटली. रागाच्या भरात बापाने ती तंतोतंत चौकटीएवढी कापली होती. आजवरच्या सगळ्या तशाच असणार. एका दणक्यात फुटायच्या त्या उगीच नाही. सूतभर कड काढणं नाजूक काम. तिने ते एका दमात केलं, तो शेजारी हात मागे बांधून गप्प उभा राहिला.

बेकरीला नवी काच मिळाली, दारातल्या काचेला जागा मिळाली, दुकानाच्या किल्ल्या पिटुकलीकडे गेल्या. भरपाई केली ती एकट्या काचवाल्याने: वर्तमानपत्र त्याला आता सगळ्यात शेवटी मिळतं, शब्दकोडं भरून झालेलं, आणि सकाळचा चहा तोच करतो, तिघांचा.