देव्हाऱ्यातली डिस्क

दुर्गाघाटावरच्या त्या घरात देव्हाऱ्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. माकडं तिथे शिरत नसत, पुराचं पाणी तिथवर चढत नसे आणि आंघोळीवाचून कुणाचा हात तिथे जात नसे. म्हणून कॉम्प्युटरमधलं उतरवून ठेवायच्या दोन झिप डिस्कांपैकी एक कायम मशीनपासून लांब ठेवायची, असं सुमंतने सांगितलं तेव्हा कालिंदीकाकूंनी ती मागून घेतली आणि बाळकृष्णाच्या मागे उभी केली. प्लॅस्टिकला विटाळ नसतो, हे त्यांनीच ठरवून टाकलं.

काकू सुमंतच्या चुलत्यांच्या पत्नी. चुलते वेदपाठी होते, ते केव्हाच गेले. मूलबाळ नव्हतं; सुमंत आणि त्याची बायको लतिका हेच काकूंचं गणगोत. लग्न होऊन काकू कोकणातून काशीला आल्या तेव्हा सामान थोडं होतं आणि ओव्या फार. इथे राहून त्या ओव्यांत नाववाले आले, घाट आले, सासरची हिंदीही आली. वाती वळता वळता काकू गात आणि लतिका शेजारी बसून एकेक ओवी पाठ करी. अडखळली की काकू म्हणत, "फिरून म्हण."

अठ्ठ्याण्णव साली घरात कॉम्प्युटर आला. बँकेत काम करणाऱ्या सुमंतने त्याला माइक जोडला आणि काकूंना समोर बसवलं. लतिकाला म्हणाला, आता पाठ कशाला करतेस, मशीन आहे ना. ती उठून स्वयंपाकाला लागली. पुढे काकू माइकशी गात, आणि आत कुकरच्या शिट्ट्या होत.

बॅकअपचं सॉफ्टवेअर सुमंतने मोठ्या हौसेने लावलं. शुक्रवारी संध्याकाळी, वीज असली तर, मशीनमधलं सगळं डिस्कवर उतरायचं. एका शुक्रवारी एक डिस्क, पुढच्या शुक्रवारी देव्हाऱ्यातली. मशीनवरून जे पुसलं जाईल ते डिस्कवरूनही पुसायचं का, असं सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सुमंतला टापटीप आवडे. त्याने 'हो'वर क्लिक केलं आणि विसरून गेला.

काकू चिडवायच्या. "तुझे काका एकदा घोकून झालं की जन्मभर म्हणायचे. तुझं यंत्र दर शुक्रवारी घोकतं, तरी त्याचा भरवसा नाही?"

आषाढात मशीन भरलं. ओव्या दोन्ही डिस्कांवर आहेत, या भरवशावर सुमंतने मशीनमधल्या सगळ्या ओव्या पुसल्या. त्या शुक्रवारी ठरल्यासारखा बॅकअप झाला. पुढचा शुक्रवार यायच्या आतच, दुपारी जरा आडव्या झालेल्या काकू उठल्या नाहीत.

सुतक लागलं. घरच्यांनी देवांना हात लावायचा नाही, म्हणून पलीकडच्या गल्लीतले बिंदुमाधवनाना पूजेला येऊ लागले. गोत्र वेगळं, माणूस भाविक, कामात कसूर नाही.

लतिकाला काकूंचा आवाज ऐकावासा वाटला. सुमंतने मशीनजवळची डिस्क घातली. तिच्यावर बँकेची पत्रं होती, शेवटच्या आठवड्यातला एक खोकला होता, आणि ओवी एकही नव्हती. त्याच्या तत्क्षणी लक्षात आलं. ते 'हो' त्याला आठवलं. पण देव्हाऱ्यातली डिस्क त्या शुक्रवारी मशीनमध्ये गेलीच नव्हती. तिच्यावर सगळं शाबूत असणार.

नानांना सांगून ती बाहेर काढून घेऊ, असं लतिका म्हणाली. सुमंत म्हणाला, नको. काकूंनी ठेवली आहे, त्यांचंच सुतक आहे, त्यांच्या रीतीने होऊ दे. देवांमागे तिला कोण हात लावतंय? दहा दिवस तर आहेत.

मधे एकादशी आली.

सुतक फिटलं, घर शिंपडलं, सुमंत आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसला. डिस्क बाळकृष्णाच्या मागे नव्हती. शेजारी होती, पाटावर, अंगभर गंध आणि वर तुळस. उचलली तर बोटं चिकटली. पत्र्याची झडप मधाने बसली होती. जोर करून सरकवली तेव्हा आतून दुधाचा आंबूस वास आला.

त्याने नानांना बोलावून विचारलं. नाना सरळ म्हणाले, "वहिनींनी देवांत ठेवलंय, म्हणजे देवच असणार, भैया. कोणता, ते आपण कसं विचारायचं? रोज गंगाजल घातलं. एकादशीला सगळ्यांबरोबर पंचामृत."

नानांचं काही चुकलं नव्हतं. काकू असत्या तर त्यांना आधी हसू आलं असतं.

डिस्क वाळवून पाहिली, पुसून पाहिली. मशीनने तिला आत घेऊन थोडी कुरकुर केली आणि बाहेर ढकललं. बँकेतल्या कॉम्प्युटरवाल्याने डोळ्यांसमोर धरली आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी लतिका काकूंच्या जागी वाती वळत बसली. खाली पंचगंगा घाटाकडे पाणी वाढल्याचं कुणीतरी गल्लीतून ओरडत गेलं. तिने हलकेच सूर धरला.

"गंगा चढली गं बाई, बुडाल्या दोन पायऱ्या..."

आणि थांबली.

"तिसरीवर कुणीतरी उभं होतं," ती म्हणाली. "काकू त्यांची नावं घ्यायच्या."

"कोण होतं?" सुमंतने विचारलं.

"मी पाठ करत होते. तुम्हीच म्हणालात, कशाला."

सुमंतने कापूस पुढे ओढला. त्याला वाती वळता येत नव्हत्या. बोटांत नुसता पिंजत राहिला. खाली मान घालूनच तो म्हणाला, "फिरून म्हण."

लतिकाने पहिली ओळ पुन्हा म्हटली. दोन पायऱ्या बुडाल्या, आणि तिचा आवाज तिथेच उभा राहिला.