पाचशेची ओळ

सॉफ्टवेअरच्या कचेरीत त्यांना पेंग्विनबुवा म्हणत. लिनक्स या संगणकप्रणालीचं चिन्ह असलेला कापडी पेंग्विन अठरा वर्षं त्यांच्या टेबलावर बसून होता; एक डोळा केव्हाच गळालेला, दुसऱ्याने सगळ्यांवर पाळत. लिनक्सविषयी कुणी चुकून काही विचारलं, की बुवांचं प्रवचन सुरू होई. "इथं बिघाडसुद्धा तोंड लपवत नाही. काय मोडलं, कुठे मोडलं, स्वतःच नोंदीत लिहून ठेवतो. माणसांना एवढं जमलं असतं, तर!"

"बुवा, निदान पेंग्विनला तरी जेवायला सोडा," शेजारचा चाचणीवाला म्हणे, आणि मजला हसे.

त्यांचे नियमही सगळ्यांना पाठ होते. प्रोग्राम लिहिताना समास टॅबच्या कळेने सोडू नये, चार मोकळ्या जागांनी सोडावा. ओळीत उघडा आकडा लिहू नये, पुढे बदलता येईल असा तो वेगळा ठेवावा. आणि ज्या फाइलला हात लावला, ती फाइल आपली.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच 'नवी'ला या समासांच्या कामाला लावलं होतं. नोकरीला दोन वर्षं झाली तरी ती नवीच होती, कारण अजून कायम झाली नव्हती. दवाखान्यांना रुग्णांच्या भेटींची आठवण पाठवणारा जुना प्रोग्राम टॅबांनी भरलेला होता. चार दिवस बसून तिने त्यातल्या अकरा हजार ओळींचे समास सारखे केले. एक अक्षर बदललं नाही. मात्र प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला हे प्रोग्रामच्या बदलांच्या इतिहासात उमटतं, आणि तिथे आता सर्वत्र तिचं नाव उमटलं.

मंगळवारी बिघाड उघडा पडला. एका मोठ्या दवाखान्यात दिवसाच्या भेटी पाचशेच्या पुढे गेल्या होत्या, आणि पाचशेनंतरच्या माणसांना आठवण गेलीच नव्हती. महिनाभर. कुणाची तपासणी हुकली, कुणाची गोळी बदलायची राहिली. कारण एका ओळीत सापडलं: यादी पाचशेवर थांबव. बैठकीत साहेबांनी इतिहास पडद्यावर लावला. ओळीसमोर नवीचं नाव.

"मी फक्त मोकळ्या जागा बदलल्यात, सर."

"बदलताना डोळे मिटले होते का? बुवा, तुम्ही सांगा. तुम्ही इथले जुने."

बुवांनी ओळ पाहिली, आणि ओळखली. अकरा वर्षांपूर्वीची एक घाईची दुपार. तेव्हा दवाखाने तीन आणि भेटी दिवसाला चाळीस. पाचशे पुरतील, नंतर बघू. तो उघडा आकडा त्यांचाच होता. नवी त्यांच्याकडे एकटक बघत होती. मदत मागतेय बिचारी, असं त्यांना वाटलं. तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो नियम.

"ज्या फाइलला हात लावला, ती आपली."

एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. संध्याकाळी नवीला पत्र मिळालं: कायम होणं सहा महिने पुढे.

शनिवारी सकाळी लेक त्यांच्या जुन्या संगणकावर खेळत होती. बुवांनी बाळपणीचे खेळ त्यावर जपून ठेवले होते. ठोकळ्यांचा माणूस, पायाखाली खड्डे, आणि जीव मोजून तीन. प्रत्येक खड्ड्यापाशी लेक एक कळ दाबून खेळ जतन करी, पडली की तिथूनच उठे.

"ही लबाडी आहे हं. आमच्या वेळी जतन-बितन नव्हतं."

"मग पडलात की काय करायचात?"

"मरायचो. पुन्हा पहिल्यापासून."

"आणि रडायचात?"

"पडलो हे लपवता यायचं नाही, एवढं खरं. शेजारी भाऊ बसलेला असायचा."

लेक हसून उठली. खुर्ची रिकामी झाली तसे बुवा बसले. पहिला खड्डा जवळ आला आणि त्यांच्या लक्षात आलं: आपला अंगठा त्याच जतनाच्या कळेवर आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या उजेडात त्यांना पडद्यावर मंगळवारची बैठक दिसू लागली.

"अहो, चहा निवला," बायको दारातून म्हणाली. "खेळताय की पडद्याला नमस्कार करताय?"

"एका मुलीवर माझी चूक ढकलली," ते म्हणाले.

"मग इथे काय करताय?" बायकोने विचारलं, आणि कप उचलून नेला.

सोमवारी सगळ्यांच्या आधी बुवा साहेबांच्या दारात उभे होते. समासातले बदल वगळून इतिहास दाखवणारा आदेश त्यांनी साहेबांच्या पडद्यावर चालवला. नवीचं नाव पुसलं गेलं. खालून बुवांचं वर आलं, अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेसह.

"जुनं मढं कशाला उकरता, बुवा? विषय मिटलाय."

"तिचा मिटलेला नाही. पत्र मागे घ्या. माझ्या नावाने हवं ते काढा."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि सगळ्यांना कळवायचा मजकूर लिहायला घेतला.

नवी जागेवर आली तेव्हा बुवा तिच्या टेबलापाशी उभे होते. वाक्य त्यांनी वाटेभर घोळवलं होतं. ऐन वेळी त्यातलं निम्मंच उरलं. "ती ओळ माझी होती."

"ठाऊक आहे."

"साहेबांनी कळवलं?"

"नाही. बैठकीला यायच्या आधीच मी बघितलं होतं. समास वगळून इतिहास कसा बघायचा, ते तुम्हीच शिकवलंत ना मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे बघत होते."

बुवा तिच्या पडद्याकडे वळले. आठवडाभर याद्या दोन भागांत पाठवून वेळ मारून नेली होती. ओळ अजून तशीच होती. नवीने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले, पाचशेची मर्यादा काढली, चाचणी लावली. बदलासोबत कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, 'जुनी चूक दुरुस्त.' पुसलं. मग लिहिलं, 'ही चूक मूळ माझी,' आणि पुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

नवी मागे उभी राहून वाचत होती.

"ती चूक कुणाच्याही हातून झाली असती," ती हळूच म्हणाली. "तारीख मंगळवारची घाला."

बुवांनी तारीख पुसली. मंगळवारची लिहिली.