सतराव्या प्रश्नाचं उत्तर

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, म्हातारी कमीच बोलली.

मी पुतळा. नेरूळला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दिनानाथ सरांची संस्था होती, तिथं मी घरोघर जाऊन फॉर्म भरायचं काम करायचे. सर डॉक्टर, पण चालता दवाखाना बंद करून बसलेले. गरिबाला आजारपण किती महाग पडतं आणि कुठवर झेपतं, हे नीट मोजायचं असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यासाठी दिल्लीच्या एका संस्थेकडं पैशासाठी अर्ज करायचा होता, आणि अर्जाला चाळीस घरांची नमुना पाहणी जोडायची होती. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट.

घरं मीच निवडली. वाशीच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहणारे माथाडी, म्हणजे आमचीच साताऱ्याकडची माणसं. त्यांच्या दारात मला कोण अडवणार? चहा न पाजता कुणी सोडलं नाही.

फॉर्मात सतरावा प्रश्न होता: आजारपणात किती दिवसांची मजुरी बुडाली? चाळीसपैकी छत्तीस घरांनी एकच उत्तर दिलं. काही नाही. मी शून्य लिहीत गेले. जे सांगतील तेच लिहायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, अशी सरांचीच ताकीद होती.

गठ्ठा चाळून सरांनी चष्मा काढला. हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस दोन महिने घरी बसतो आणि त्याची एका दिवसाचीही मजुरी बुडत नाही, हे दिल्लीवाले कसं मानतील, असं म्हणाले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही प्रश्न नीट विचारता ना?"

झालं! माझा तिळपापड झाला. उन्हातान्हात चाळीस जिने चढले ते काय खोटं लिहायला? त्या रागाच्या भरात मी सगळं सांगून टाकलं.

सांगितलं ते असं. माथाडी एकेकटा कमवत नाही, टोळी कमवते. चौदा जणांची टोळी, बहुतेक एकाच गावची. मुकादम हजेरी लावतो, त्या हजेरीवर माथाडी बोर्डाकडून मजुरी येते आणि सारखी वाटली जाते. एखादा आजारी पडला तर मुकादम त्याची हजेरी लावतच राहतो. तेरा जण चौदाव्याच्या गोणी उचलतात, वाटण्या मात्र चौदाच पडतात. कुणी विचारलंच तर, आत्ताच चहाला गेला, असं सांगायचं. घरातसुद्धा यावर कुणी बोलत नाही. उपकार बोलून दाखवला की घेणाऱ्याच्या मानेवर बसतो, म्हणून. त्या माणसांना विचारलं, मजुरी बुडाली का, तर ती नाहीच म्हणणार. खोटं कुठं आहे त्यात?

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, लांब कशाला, माझा धाकटा भाऊ हौसेराव ज्ञानू मुकादमाच्या टोळीत आहे. त्याला टीबी झालाय. आठ महिने गोळ्या आणि ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. पाच महिने झाले, तो घरी आहे आणि चूल पेटतेय. माणूस दिसामासी भरत चाललाय.

सर उठले. त्यांनी स्वतः चहा केला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

चार दिवस ते लिहीत होते. टाइप होऊन आलेला अर्ज त्यांनी माझ्यासमोर ठेवला. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, बोट ठेवून वाचलं. नवव्या पानावर आमची टोळी होती. बाजार कांदा-बटाट्याचा, माणसं चौदा, एक क्षयाचा रुग्ण, पाच महिने, हजेरी चालू. नावं नव्हती. सरांनी लिहिलं होतं की सरकारला जो विमा जमला नाही तो या लोकांनी पाठीवर उचललाय. वाचताना माझे डोळे भरले. आणि शेवटच्या पानावर माझं नाव होतं, पुढं फील्ड सुपरवायझर.

एक गोष्ट खटकली, नाही असं नाही. मी म्हटलंही, सर, हे हजेरीचं काढता येईल का? सर म्हणाले, नाव कुठं आहे? शिवाय तेच काढलं तर अर्जात राहतं काय? मी पान उलटलं. खरं सांगायचं तर मला ते काढायचंच नव्हतं. मोठमोठ्या शिकलेल्यांना जे सापडलं नाही ते मला सापडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव रेशनकार्ड सोडून दुसरीकडं छापलं गेलं होतं.

दिल्लीची एक अट होती. ज्या कामगारांचा अभ्यास करायचा त्यांच्या कार्यालयाचं संमतीपत्र हवं. म्हणजे अर्जाची एक प्रत बोर्डाच्या हापिसात द्यायची. ती कोण नेणार? मीच नेली. बसमध्ये पाकीट मांडीवर होतं. मनात आलं, नववं पान काढून घ्यावं. मग वाटलं, चाळीस पानं इंग्रजी, कोण वाचतंय! हापिसात कागदावर शिक्का मारतात, वाचत नाहीत. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला विचारा.

तिथले उदयसिंह साहेब वाचणारे निघाले. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. तेही आमच्याच तालुक्याचे. संमतीपत्र सही करून समोर ठेवलं, वर नववं पान उघडं.

"बाई, मी हे वाचलं नसतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "नाव नाही, पण कांदा-बटाट्यात क्षयाचा माणूस कुठल्या टोळीत आहे, ते कळायला वेळ लागत नाही. आणि कागदावर आवक नंबर पडलाय. हजेरीवर फंड चालतो, बोनस चालतो. उद्या कुणी विचारलं, तुमच्याकडं हे लेखी आलं होतं, तुम्ही काय केलं, तर मी काय सांगू?"

मी हातापाया पडले. त्यांनी मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

सोमवारी सकाळी बोर्डाचे दोघे जण ज्ञानूच्या टोळीचा हजेरीपट घेऊन गाळ्यावर उभे राहिले. चौदा नावं, तेरा माणसं. ज्ञानू मुकादमाची मुकादमी गेली. हौसेरावाचं नाव, तो कामावर येईपर्यंत, हजेरीतून निघालं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाची सही रोज स्वतःची झाली. एका टोळीपुरतं राहतंय थोडंच? सगळ्या बाजारात तपासणी लागली.

मी ज्ञानू मुकादमाकडं गेले आणि सांगितलं, तात्या, मी सांगितलं हे, दुसऱ्या कुणी नाही. मला वाटलं होतं ओरडेल. साठीचा माणूस, बसल्या बसल्या तंबाखू मळत राहिला.

"झाकली मूठ होती, पुतळे," एवढंच म्हणाला. मग बायकोला म्हणाला, हिला चहा टाक. तो चहा मी तसाच ठेवून उठले.

सरांना म्हटलं, अर्ज मागं घ्या. ते दिवसभर डोकं धरून बसले होते. म्हणाले, मागं घेऊन हौसेरावाची वाटणी परत येणार आहे का? मंजूर झाला तर निदान सगळ्यांसाठी काहीतरी मागता येईल. मी माझ्या पगारातले थोडे पैसे घेऊन हौसेरावाकडं गेले. त्यानं ते हातात घेतले, माझ्याच पिशवीत परत ठेवले आणि विषय बदलला. नऊ दिवस घरी बसला. दहाव्या दिवशी डोक्याला फडकं बांधून बाजारात गेला. त्याची बायको रंगू मला म्हणाली, गोळ्या घेऊन गोणी उचलली की घेरी येते, म्हणून ह्यांनी गोळ्या सोडल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली.

मार्चमध्ये दिल्लीहून पत्र आलं. मंजूर! तज्ज्ञांनी नवव्या पानाची खास तारीफ केली होती. सरांनी पेढे आणले, पण बॉक्स दोन दिवस टेबलावर तसाच पडून होता. मग नवे फॉर्म छापून आले, आता सहाशे घरं. पहिलं घर मी हौसेरावाचं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरीकडं कुठून सुरुवात करावी असं वाटेचना.

तो नुकताच कामावरून आला होता. गळ्याची हाडं पुन्हा वर आली होती. बोलताना मध्येच खोकला येई आणि तो भिंतीकडं तोंड करी. सोळा प्रश्न झाले. सतराव्याला माझं पेन थांबलं.

"विचार की, आक्का," तो म्हणाला. "तुझं काम आहे ते."

मी विचारलं. किती दिवसांची मजुरी बुडाली?

"नऊ."

"आणि त्याआधीचे पाच महिने?"

"शून्य लिही," तो म्हणाला. "कुणी विचारलं तर सांग, मी चहाला गेलो होतो."

मी नऊ लिहिलं. पाच महिन्यांपुढं शून्य लिहिलं. आणि खाली सही केली, फील्ड सुपरवायझर.