बाबांनी धुतलेला एप्रन

बुडबुडीचे बाबा कपडे धुण्यात असे तरबेज की त्यांच्या लॉन्ड्रीतून परत आलेला कोट मालकालाच ओळखू येत नसे. एकदा म्हणे त्यांनी एका गृहस्थाच्या सदऱ्यावरचा डाग इतका घासला, की डागाबरोबर आपण आदल्या दिवशी कुठे जेवलो हेही तो गृहस्थ विसरून गेला. ही हकिकत बाबा स्वतःच सांगत, त्यामुळे त्यात खरं किती ते त्यांच्या मिशीलाच ठाऊक. मिशी जाडजूड, दोन्ही टोकांना वर वळलेली. साऱ्या गावाला साबण लावणाऱ्या या माणसाने मिशीला मात्र कधी साबण लावला नाही. साबणाने ती मान टाकते, असं त्यांचं म्हणणं. तिला रोज थोडं मेण चोपडलं की झालं.

लेक लहानपणी दुकानामागच्या टबात फेसाशी खेळत बसे, म्हणून ती बुडबुडी. पुढे ती रसायनशास्त्रात संशोधन करायला लागली तरी घरी बुडबुडीच राहिली. आणि संशोधनाला विषय घेतला काय, तर दुकानाच्या मोरीतून वाहणारं निळंकाळं पाणी! कपड्यांचा सुटलेला रंग गिळून टाकेल असा पदार्थ तिने तयार केला. सुईसारखे पांढरेशुभ्र स्फटिक. चिमूटभर टाकून ढवळलं की गढूळ पाणी आरशासारखं. पहिल्या खेपेला या स्फटिकांनी तिला महिनाभर तंगवलं होतं, पण एकदा झाले ते झाले. मग कधी अडले नाहीत. हा आपल्या हाताचा गुण, असं ती मनातल्या मनात धरून चालली होती.

विद्यार्थी-संशोधकांच्या नव्या कल्पनांसाठी दरवर्षी एक मानाचा पुरस्कार दिला जाई. बुडबुडीचं नाव शेवटच्या फेरीपर्यंत पोचलं आणि तिथे माशी शिंकली. परीक्षक बाईंनी तिची कृती तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना करून बघायला सांगितली होती. तिन्हीकडून एकच उत्तर आलं: स्फटिक होत नाहीत, तळाशी नुसता मधासारखा चिकट द्रव राहतो. बाईंनी निरोप धाडला, आमच्या प्रयोगशाळेत या आणि आमच्यादेखत करून दाखवा. झाले तर पुरस्कार तुमचा, नाहीतर नाव काढून टाकू.

पुरस्कार गेला असता तर तिने दोन दिवस तोंड पाडून काढले असते, बस्स. पण आता थापाडी म्हणून नाव पडायची वेळ आली होती, आणि त्या घरात थापा मारायचा हक्क फक्त बाबांना होता.

तिचे मार्गदर्शक होते दाढीसर. रसायनवाल्यांत पूर्वापार सांगत आलेली एक गोष्ट ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवीत. स्फटिक हट्टाला पेटले की जुन्या मास्तराला बोलवावं आणि त्याने फ्लास्कवर वाकून दाढी खाजवावी. दाढीत जन्मभराच्या प्रयोगांची धूळ अडकलेली असते. त्यातला योग्य कण आत पडला की काम झालं, दुधाला विरजण लागतं तसं. विद्यार्थी हसत, सर त्यांच्यापेक्षा जास्त हसत.

त्या दिवशी सकाळी बाईंच्या प्रयोगशाळेच्या दारात एक गुळगुळीत हनुवटीचा अनोळखी माणूस उभा होता. आवाज ऐकला तेव्हा बुडबुडीला कळलं, हे सर. परीक्षकांपुढे दाढी वाढवून जोगड्यासारखं जायचं नाही, असं त्यांच्या बायकोने बजावलं होतं. पाठोपाठ बाबा आले, हातात कडक इस्त्रीचा एप्रन घेऊन. तिचाच एप्रन. संशोधनाला लागल्यापासून तो कधी धुतला नव्हता. काम नीट चाललंय तोवर एप्रन बदलू नये की धुऊ नये, असं तिच्या प्रयोगशाळेत सगळेच मानत. "याला हात लावू नका," असं तिने घरात हजारदा सांगितलं होतं. पण लेक चारचौघांत मळका एप्रन घालून उभी राहणार आणि बाप लॉन्ड्रीवाला? बाबांच्या जिवाला ते झेपलं नाही. एप्रन असा लखलखत होता की बाईंनी क्षणभर डोळे बारीक केले. बुडबुडीला रागवायचं होतं, पण बापाचा फुललेला चेहरा बघून तिने तो मुकाट्याने घातला.

तिने नेहमीप्रमाणे दोन फ्लास्क लावले. गरम केलं, गाळलं, बर्फात ठेवलं. काहीच नाही. काचकांडीने फ्लास्क आतून खरवडला, तरी काही नाही. तळाशी मध. बाई चष्मा पुसत राहिल्या. सरांचा हात सवयीने दाढीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

तो रिकामा हात बघून बुडबुडी जागच्या जागी थबकली. मग बाबांकडे वळली.

"बाबा, एप्रन धुण्याआधी काय केलंत?"

"काय करणार? झटकला. आधी झटकायचा, मग भिजवायचा. तू टबात बसत होतीस तेव्हापासून तुला सांगतोय." बाबांचा आवाज खाली गेला. "काही चुकलं का गं माझं? धूळ म्हणजे इतकी होती, शिंकाच आल्या मला."

"आणि मिशी धुतलीत?"

"बुडबुडे, शुद्धीवर आहेस ना?"

तिने दुसऱ्या फ्लास्कवर झाकण घट्ट बसवलं. मग बाईंना सगळं उघड सांगितलं: एप्रनवर जुन्या स्फटिकांची धूळ असणार, तिच्यामुळेच आजवर नवे होत आले असणार, हाताचा गुण वगैरे काही नव्हता. आता ती धूळ राहिली असेल तर एकाच ठिकाणी. बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि मान हलवली.

"बाबा, इकडे या. वाका आणि मिशीला पीळ द्या."

"परक्या लोकांसमोर?"

"त्यांच्यासाठीच."

बाबा वाकले. उजव्या टोकाला पीळ दिला, मग डाव्या. पुढचं ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. मधात एक पांढरी सुई उमटली, तिच्या अंगावर दुसरी, आणि बघता बघता फ्लास्क सुयांनी असा गच्च भरला की काचकांडी आत ताठ उभी राहिली. स्फटिक होताना सुटलेल्या उष्णतेने बर्फातून काढलेला तो फ्लास्क कोमट लागायला लागला. झाकलेला फ्लास्क मात्र होता तसाच, मधाचा मध.

बाईंनी सळईच्या टोकावर एक सुई घेतली, झाकण उघडलं आणि स्वतःच्या हाताने आत सोडली. तोही भरला.

"म्हणजे त्या तिघांनी खरं तेच कळवलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि तूही खरं तेच लिहिलं होतंस. फक्त अर्धं. उरलेलं आता लिही."

"मिशीचं लिहायचं?" बाबांनी घाबरत विचारलं.

"मिशीचं आधी लिहायचं," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

पुरस्कार घेताना बुडबुडी फार बोलली नाही. दाढीची गोष्ट न कंटाळता सांगणाऱ्या सरांचे तिने आभार मानले, आणि नुसत्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईंचेही. ज्यांना जमलं नाही आणि ज्यांनी ते तसंच कळवलं त्या तिघांना म्हणाली, तुम्ही भिडेखातर जमलं म्हणाला असतात तर मला हे कधीच कळलं नसतं. मग ती थांबली. समोर बाबा रुमालात तोंड लपवून बसले होते. "आणि माझ्या बाबांचे," ती म्हणाली. "त्यांना माझा मळका एप्रन बघवला नाही."

बाबांनी रुमाल ओला केला, पण मिशी तेवढी जपली.

त्या तिन्ही प्रयोगशाळांना चिमूट चिमूट स्फटिक गेले आणि तिथेही काम झालं. दुकानाच्या मोरीतून आता नितळ पाणी वाहतं. बाबा गिऱ्हाइकांना ही हकिकत रंगवून सांगतात, आणि जन्मभर ज्यांनी त्यांच्या थापा माना डोलवत ऐकल्या, ते नेमके यावरच विश्वास ठेवत नाहीत. "मिशी झटकली आणि मुलीला बक्षीस? जाऊ द्या हो."

बाबा मग हिरमुसून आत बघतात. बुडबुडी घरी असली तर ओले हात पुसत बाहेर येते, बापाच्या शेजारी उभी राहते आणि म्हणते, "खरं आहे. मी तिथे होते."