भूगर्भशास्त्राची पंधरावी जागा

संस्कृतीने बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घ्यायचं बारावीच्या सुट्टीतच ठरवून टाकलं होतं. इतकं पक्कं, की वडिलांच्या जीपमधून राजूरहून संगमनेरला येताना रस्त्यासाठी फोडलेला प्रत्येक कडा तिने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिला आणि वडिलांना, पुंजारामला, तिच्यावर दोनदा ओरडावं लागलं, “डोस्कं आत घे, विषय काय पळून जात न्हाई.”

पण विषय पळायच्याच बेतात होता.

कॉलेजच्या प्रवेशाच्या दालनात वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र पटकन मिळाले. भूगर्भशास्त्राच्या टेबलामागे निमसे मॅडम एकट्याच बसल्या होत्या. समोरच्या कागदावर आठ नावं होती.

“पंधरा लागतात,” मॅडम म्हणाल्या. “आज पाचपर्यंत झाली नाहीत, तर यंदा वर्ग सुरू होणार नाही.”

“मग पुढच्या वर्षी घेता येईल?”

“पहिल्या वर्षी जे तीन विषय घेशील, त्यातलाच एक पुढे मुख्य म्हणून मिळतो. आत्ता सुटला तर सुटलाच.”

संस्कृतीने नववं नाव लिहिलं. गंमत म्हणजे तिला ते सगळं फार ओळखीचं वाटत होतं. भरल्याशिवाय न सुटणाऱ्या गाडीतच तर ती लहानाची मोठी झाली होती. शाळेला सुट्टी असली की राजूरच्या बाजारात जीपच्या मागच्या पायरीवर उभं राहून ती ओरडायची, “अकोले, अकोले, एकच सीट!” आत चिटपाखरू नसलं तरी एकच सीट. नववीत वर्गातल्या पोरांनी तिची नक्कल केली, तेव्हापासून तिने ते सोडून दिलं होतं.

आता ती दालनातल्या रांगेजवळ गेली आणि ओरडली नाही, पण पुढच्या दोघींना हळूच म्हणाली, “भूगर्भशास्त्राला एकच जागा राहिलीय. बघा बाई.”

दोघी लगबगीने टेबलाकडे गेल्या, कागद पाहिला आणि तितक्याच लगबगीने परत आल्या.

“एकच कुठे? अख्खा वर्ग रिकामा आहे,” एक म्हणाली. “कोणी घेत नाही म्हणजे काहीतरी खोट असणार.”

वसतिगृहात सकाळीच ओळख झालेली प्रार्थना मागे उभी राहून हसत होती. ती श्रीरामपूरकडची. “ही युक्ती जीपला चालत असेल, ताई. इथे लोक आधी आत डोकावतात.”

“मग तू सांग काय करू.”

“तू का घेतेस, ते सांग की. मला अजून कळलेलं नाही, तर त्यांना काय कळणार?”

संस्कृतीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. बाहेरून काळा, ओबडधोबड. फुटलेल्या बाजूला मात्र बोराएवढी पोकळी होती आणि तिच्यात पांढरे, पारदर्शक स्फटिक दाटीवाटीने उभे होते.

“आमच्याकडे याला गारगोटी म्हणतात आणि फेकून देतात,” ती म्हणाली. “लाव्हा थंड होताना आत बुडबुडा अडकला. मग लाखो वर्षं त्यात पाणी झिरपत राहिलं आणि हे वाढले. आपला सगळा सह्याद्री असा थरावर थर आहे. मी रोज त्यावरून शाळेत गेले आणि मला हे कोणी सांगितलंच नाही.”

तिचा आवाज तिच्याही नकळत वाढला होता. रांगेतली डोकी वळली. दगड एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“आमच्या चर्चच्या भिंतीत असाच दगड आहे,” प्रार्थना म्हणाली. “प्रवचन लांबलं की मी नखाने कोरायची. चल, माझं नाव घाल. पण पाठांतर फार असलं तर तुला बघून घेईन.”

प्रार्थनाच्या मागोमाग सॅम नावाचा एक मुलगा गेला, मग परत गेलेल्यांपैकी एक, मग रांगेतले आणखी दोघे. पाचला थोडा वेळ उरला तेव्हा कागदावर चौदा नावं होती आणि रांग संपली होती.

संस्कृती फाटकाबाहेर आली. पुंजारामची जीप अकोल्याकडे जाणाऱ्या मुलांनी भरली होती. तो निघायच्या आधी लेकीचा निरोप घ्यायला थांबला होता. पंधरा नावांचा घोळ तिने त्याला मघाशीच सांगितला होता.

“कितीवर अडलं?” तिचा चेहरा बघून त्याने विचारलं.

“एकावर.”

पुंजारामने मागे वळून जीपमध्ये पाहिलं. बसलेली सवारी उतरू द्यायची नाही, हा त्याचा कायम नियम. एक उतरला की दुसऱ्यांनाही पाय फुटतात, असं तो म्हणायचा.

“ही पोरगी मघाधरनं सांगतीया,” तो म्हणाला, “दोन विषय झाले, तिसरा काय घ्यावा कळंना, म्हनून घरी निघाली. बाय, उतर. तुजी सीट मी धरून ठेवतो.”

अकोल्याची आरती गोंधळून खाली उतरली. “मला दगडातलं काही कळत नाही.”

“अजून कोणालाच कळत नाही,” संस्कृती तिचा हात धरत म्हणाली. “पळत पळत सांगते.”

दोघी धापा टाकत टेबलापाशी पोचल्या तेव्हा मॅडम पेनाला टोपण लावत होत्या. संस्कृतीने दगड समोर ठेवला. आरतीने त्या पोकळीत बोट घातलं, तिथेच ठेवलं आणि विचारलं, “हे घरी नेता येतात?”

“फिल्डवर जाऊ तेव्हा हवे तेवढे आण,” मॅडम म्हणाल्या आणि टोपण पुन्हा काढलं.

पंधराव्या नावाखाली त्यांनी रेघ ओढली. वर्ग सुरू होणार होता.

दोघी परत फाटकाशी आल्या तर पुंजाराम कमरेवर हात ठेवून उभा होता. तो म्हणायचा तसंच झालं होतं. आरतीच्या पाठोपाठ आणखी दोघे उतरून एस.टी.ने निघून गेले होते.

“झालं?”

“झालं, बाबा.”

“मग आता माजी गाडी कोन भरनार?”

फाटकातून मुलं बाहेर पडत होती. सॅम होता, प्रार्थना होती, उद्यापासून ज्यांच्या शेजारी बसायचं ते सगळे होते. संस्कृतीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, जीपच्या मागच्या पायरीवर चढली आणि पोटातून आवाज काढला. “अकोले, राजूर! अकोले, राजूर! दोन सीटा!”

पुंजारामने कपाळाला हात लावला. “एकच म्हन गं,” तो खालून पुटपुटला. “एकच.”