त्रेसष्टावी विहीर

मी एक जुनी बोअरची गाडी आहे. जुनी म्हटलं की तुम्ही हसाल मित्रांनो, कारण मला घडवून अजून बारा वर्षंही झालेली नाहीत. पण गोबीच्या वाळवंटात एकाच जागी चार वर्षं उभं राहून बघा, म्हणजे म्हातारपण कसं येतं ते कळेल. माझे टायर बसले आहेत. केबिनमध्ये वाळू साचली आहे. पाठीवरच्या उंच लोखंडी मनोऱ्यावर बांधलेल्या निळ्या रेशमी पट्ट्याची नुसती सुतं उरली आहेत. मला बोंब मारता आली असती तर मी केव्हाच मारली असती. ती मारता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशात झाला. तिथल्या सरकारनं साऱ्या जगासमोर सांगितलं होतं, की आमच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा आम्ही दरवर्षी परदेशातल्या गरजू लोकांसाठी खर्च करू, काही झालं तरी करू. त्या वाट्यातून मी घडले. माझ्या दारावर त्या देशाचा झेंडा चिकटवला आणि मला जहाजात चढवलं.

जिल्ह्याच्या गावी मला द्यायचा सोहळा झाला. तिकडचा एक मोठा पाहुणा आला होता. माझ्या बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला, "शंभर विहिरी. त्यातली एकही कमी होणार नाही. हा आमच्या देशाचा शब्द आहे." दुभाष्यानं ते मोंगोल भाषेत सांगितलं. तेवढ्यात गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी पुढे घुसली. तिचं नाव हांदसुरेन. मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून ऐंशी किलोमीटरवरून आली होती.

"शंभर म्हणाला ना तो? नीट विचार त्याला परत," ती दुभाष्याला म्हणाली.

लोक हसले. पाहुणाही हसला आणि पुन्हा म्हणाला, "शंभर."

"मग माझा नंबर कितवा?"

कोणीतरी यादी काढली. तिच्या हिवाळी तळाचा, म्हणजे हिवाळ्यात ती कळप घेऊन राहायची त्या जागेचा, नंबर त्रेसष्टावा होता.

"चालेल," हांदसुरेन म्हणाली, "शंभराच्या आतच आहे." आणि समाधानानं परत मुलाच्या मागे जाऊन बसली.

मला चालवायला जामस्रान मिळाला. पन्नाशीचा, बोलायला फटकळ, पण हात असा की माझा नुसता आवाज ऐकून खाली दगड आहे की माती ते सांगायचा. काय दिवस होते ते! या मुलखात जमिनीला उगाच टोचत नाहीत. लोक तळ हलवतात तेव्हा घोडे बांधायच्या खुंट्यांची भोकंसुद्धा बुजवून जातात. म्हणून प्रत्येक बोअर मारण्याआधी तिथलं वडीलधारं माणूस यायचं, चारी दिशांना दूध शिंपडायचं आणि जमिनीची परवानगी मागायचं. मग मी कामाला लागायची. पाणी लागलं की गेरमधून, म्हणजे त्यांच्या जाड लोकरी नमद्याच्या तंबूंमधून, सगळे धावत यायचे. कोणी माझ्या मनोऱ्याला साय फासायचं, कोणी निळा पट्टा बांधायचं. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या चाकाचा मुका घेतला होता. जामस्रान त्याला म्हणाला, "आजोबा, चाकाचा काय घेता, बिचारा वरचा मनोरा राबला आहे!" अशा बासष्ट विहिरी झाल्या. मला गर्व झाला होता मित्रांनो, खोटं कशाला सांगू?

मग आम्ही हांदसुरेनच्या तळावर आलो.

तिच्याकडे तीनशे शेळ्या आणि चाळीस उंट होते. टेकडीच्या आडोशाला गवत छान, वारा कमी, पण पाणी नाही. जुनी विहीर खारट होऊन आटली होती. हिवाळ्यात बर्फ पडला की जनावरं बर्फ चाटून भागवायची, पण बर्फाचा काय भरवसा? तिचा मुलगा पुरेवजाव म्हणत होता, की विहीर झाली नाही तर कळप विकू आणि शहरात जाऊ. म्हातारीचा जीव त्या विहिरीत अडकला होता. तिनं दूध शिंपडलं, माझ्या मनोऱ्याला निळा पट्टा बांधला आणि शेजारी बुटकं स्टूल टाकून बसली.

आम्ही चौऱ्याण्णव मीटर खाली गेलो. दहाव्या दिवशी गाळ वर आला, तो जामस्राननं मुठीत दाबला, नाकाशी धरला.

"आजी, ओली माती! शेजारच्या खोऱ्यात एकशे आठवर पाणी लागलं होतं. फार तर पंधरा मीटर राहिले."

"उद्या?"

"उद्या नाहीतर परवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन वाजला. नीट बोलता येईल एवढी रेंज माझ्या मनोऱ्यावर चढल्यावरच मिळायची, म्हणून तो वर चढला आणि त्याचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडलं. प्रकल्पाच्या कचेरीतून साहेब बोलत होते.

"काम थांबवा. तिकडच्या सरकारनं बाहेर द्यायच्या मदतीचा वाटा कमी केलाय. त्यांच्या घरच्या गरजा वाढल्यात म्हणे. डिझेल बंद. किल्ली जमा करा आणि गाडी आहे तिथेच ठेवा."

"अहो साहेब, पंधरा मीटर राहिलेत!"

"पंधरा मीटर असोत नाहीतर पंधरा बोटं. आदेश म्हणजे आदेश. पुढच्या वर्षी परत विचार करणार आहेत."

जामस्रान खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हांदसुरेन म्हणाली, "डिझेल नाही, एवढंच ना? माझ्या वीस शेळ्या घे. तीस घे. जा, तालुक्याला विकून डिझेल आण."

"आजी, गाडी माझी नाही. किल्ली न्यायला जीप निघालीसुद्धा."

पुरेवजाव फावडं घेऊन आला. भोक उघडं टाकायचं नाही, बुजवायचं, ही त्यांची रीत. आणि इथे जामस्रानच्या हातून चूक झाली. तो म्हणाला, "बुजवू नका. महिन्याभरात आदेश फिरेल. मी बोअरचे दांडे आतच ठेवतो, म्हणजे भोक ढासळणार नाही. मी येतो परत, माझा शब्द." खरं तर दांडे असे कधी आत ठेवायचे नसतात. त्यालाही ते माहीत होतं. पण दांडे बाहेर काढले असते, तर आपण परत येणार नाही हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

जीप त्याला घेऊन गेली. मी तिथेच राहिले. माझे दांडे जमिनीत, पाणी त्यांच्या टोकाखाली पंधरा मीटरवर, आणि किल्ली कुठल्या तरी टेबलाच्या खणात.

शरद ऋतूत शेजारचे मेंढपाळ कळप घेऊन उत्तरेच्या नदीकडे निघाले. पुरेवजाव म्हणाला, "आई, आपणही जाऊ. आता वेळ आहे, नंतर जनावरं चालणार नाहीत."

"आणि ते लोक आले म्हणजे? तळ रिकामा दिसला तर नंबर दुसऱ्याला देतील."

"कोण येतंय गं आई? विसरले ते."

"अरे, एखादा माणूस विसरतो. एवढं मोठं सरकार कसं विसरेल? माझ्यासमोर दोनदा म्हणाला तो, शंभर!"

ते तिथेच राहिले. मी ओरडून सांगायला हवं होतं, जा बाई, जा! पण मी लोखंडाची.

त्या वर्षी काळा हिवाळा आला. थंडी हाडं फोडणारी, पण बर्फाचा कण नाही. जमीन काळी ठणठणीत. गवत होतं मित्रांनो, गवत होतं! आणि जनावरं तहानेनं मरत होती. पुरेवजाव चाळीस किलोमीटरवरच्या गोठलेल्या डबक्यातून पिंपात बर्फाच्या लाद्या आणायचा, त्या उंटांच्या वाट्यालाही पुरायच्या नाहीत. सकाळी माझ्या अंगावर दव गोठायचं. शेळ्या माझ्याभोवती गोळा व्हायच्या आणि माझे दांडे, माझी चाकं, माझं दार चाटायच्या. एका करडाची जीभ लोखंडाला चिकटली. हांदसुरेननं तोंडातली वाफ सोडून सोडून ती सोडवली आणि मग माझ्या दारावर डोकं टेकवून रडली. त्या दारावर झेंडा होता.

जानेवारीत जामस्रान आला. स्वतःच्या मोटारसायकलवर डिझेलचे दोन डबे बांधून, आणि जुनी जादा किल्ली घेऊन. नोकरी जाईल याची त्याला पर्वा उरली नव्हती. गोवऱ्या पेटवून त्यानं दोन तास माझं इंजिन शेकलं.

"चल गं बाई," तो मला म्हणाला. "बासष्ट वेळा चाललीस. आता एकदाच."

मी सुरू झाले! हांदसुरेन गेरमधून अनवाणी धावत आली. जामस्राननं दांडा फिरवायला घेतला, पण मातीनं फुगून त्याला आवळून धरलं होतं. त्यानं जोर वाढवला. मी जीव काढून जोर लावला, तुमची शपथ. खाली कुठेतरी कट्‌ असा आवाज आला आणि दांडा एकदम हलका फिरायला लागला. मोडला होता. साठ मीटर दांडे आणि खोदायचं माझं एकुलतं तोंड तळाशी अडकून राहिलं.

जामस्राननं मला बंद केलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसला.

"माझ्यामुळे झालं, आजी. मी दांडे काढायला हवे होते."

हांदसुरेननं विझत्या गोवऱ्यांवर चहाचं भांडं ठेवलं. मग म्हणाली, "ऊठ. थंडीनं मरशील. चहा घे."

चहा बिनदुधाचा होता. वसंतापर्यंत तीनशेतल्या अकरा शेळ्या उरल्या, आणि उंट चार.

वसंतात त्या परक्या देशाच्या कचेरीतून एक बाई आली. वाईट नव्हती बिचारी. प्रकल्प बंद झाला होता, त्यामुळे माझ्या दारावरचा झेंडा काढायचा तिला हुकूम होता. उन्हानं तो इतका भाजला होता की निघेना. तिनं नखानं खरवडला, मग चाकूनं. अर्धा निघाला.

हांदसुरेननं दुभाष्यामार्फत विचारलं, "झेंडा काढायला एवढ्या लांब गाडी आली. तिच्यात डिझेल होतं ना?"

बाईनं मान खाली घातली. "आजी, निर्णय माझ्या हातात नव्हता."

"मग कोणाच्या हातात होता? तो हात एकदा मला दाखव."

बाईनं चाकू मिटून खिशात ठेवला. ती परत गेली.

शहरात जायच्या दिवशी पुरेवजावनं गेर उतरवून ट्रकवर चढवली. जामस्रानही मदतीला आला होता. हांदसुरेन फावडं घेऊन माझ्याकडे आली. खुंट्यांची भोकं तिनं आधीच बुजवली होती, आता हे राहिलं होतं. तिघांनी मिळून दुपारपर्यंत दगड आणि माती लोटली, माझ्या मोडक्या दांड्यांवर. मला दुखत नाही, पण त्या दिवशी दुखलं.

भोक बुजल्यावर जमिनीला शांत करायला दूध शिंपडावं लागतं. तिच्याकडे दूध नव्हतं. तिनं ट्रकमधून दुकानातली पाण्याची बाटली आणली आणि ते विकतचं पाणी चारी दिशांना शिंपडलं.

"माफ कर गं माये," ती जमिनीला म्हणाली. "आम्ही तुला उगाच टोचलं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, की आमची निगा राखा, आम्हाला तेलपाणी करा. मला ते काही नको. मी भंगारात गेले तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी त्या मोठ्या खुर्चीवर बसेल, हजारो लोकांसमोर आकडा सांगेल. तेव्हा एवढंच करा. आधी गर्दीत बघा, पहिल्या रांगेत कोणी ठेंगणी म्हातारी उभी आहे का. ती आपला नंबर विचारेल. तो नंबर तिला सांगणार असाल, तर तिच्या विहिरीचे शेवटचे पंधरा मीटर कापू नका. आणि कापायचेच असतील, तर निदान शरद ऋतूच्या आधी तिला जाऊन सांगा, की आजी, आम्ही येत नाही, तू कळप घेऊन नदीवर जा.

तिला तेवढंसुद्धा कोणी सांगितलं नाही.